मेहुण्यांनी घातलेली भीती

प्रश्न : काका, २६ सप्टेंबर २०२५ ला फोर्डच्या एफ-१५० लायटनिंग या इलेक्ट्रिक पिकअप ट्रकच्या कागदांवर सही केली आणि हजार डॉलर भरले. ट्रक दारात आला नोव्हेंबरात. स्टिकरवर ७८,४०० डॉलर, वाहतूक खर्च धरून ८०,९९५. बायकोच्या शेअर्समुळे आमचं २०२५ चं एकत्र उत्पन्न ३ लाख १८ हजारांवर गेलं. २०२४ मध्ये ते २ लाख ८१ हजार होतं. मेहुणे म्हणतात, तारीख हुकली, किंमत जास्त, उत्पन्नही जास्त; इलेक्ट्रिक गाडीवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत विसरा. खरंच विसरू? – एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास

उत्तर : मेहुण्यांना सांगा, एवढ्यात नाही.

किंमत आधी उरकतो. पिकअपला मर्यादा ८०,००० डॉलरची, पण त्यात वाहतूक खर्च आणि विक्रीकर धरत नाहीत. तुमचा आकडा ७८,४०० च.

उत्पन्नाची मर्यादा नवराबायकोच्या एकत्र रिटर्नला ३ लाख. ट्रक ताब्यात आला ते वर्ष किंवा त्याच्या आधीचं, दोन्हींतलं कमी उत्पन्न चालतं. म्हणून २०२४ तुम्हाला तारतं. मात्र ते २ लाख ८१ हजार म्हणजे नुसते दोघांचे पगार, की फॉर्म १०४० च्या (अमेरिकेतल्या आयकर रिटर्नच्या) अकराव्या ओळीतला एकूण उत्पन्नाचा आकडा? पुण्यात फ्लॅट असेल तर त्याचं भाडं आणि तिकडच्या एफडीचं व्याजही त्यात यायला हवं. आपली मंडळी नेमकं हेच उत्पन्न विसरतात.

खरी मेख तारखेत आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने ३० सप्टेंबरनंतर घेतलेल्या गाड्यांची सवलत बंद केली. पण ‘घेतली’ म्हणजे चावी हातात आली असं नव्हे. त्या तारखेपर्यंत बंधनकारक लेखी करार झाला आणि काही रक्कम भरली गेली, तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, ती गाडी घेतली असं मानतं. तुम्ही भरलेले हजार डॉलर पुरेसे आहेत. पण सही केलीत ती करारावर, की नुसत्या बुकिंगवर? २०२१ मध्ये हाच ट्रक ३९,९७४ डॉलरपासून जाहीर झाला, तेव्हा मीही शंभर डॉलर भरून नंबर लावला होता. मला ओढायला ना बोट ना ट्रेलर, म्हणून सोडून दिला आणि पैसे परत घेतले. वाटेल तेव्हा परत घेता येणारं ते बुकिंग. त्याला करार म्हणत नाहीत. मार्च २०२३ पर्यंत सुरुवातीची किंमत ५९,९७४ झाली, तेव्हा बायकोने मला शहाणा म्हटलं. तसं ती क्वचितच म्हणते.

तेव्हा तुमचा कागद काढा. त्यावर गाडी, किंमत आणि दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत का ते पाहा. सवलत डीलरकडे वळती करून तिची रक्कम त्याच्याकडून आधीच घेतली नसेल तर २०२५ च्या रिटर्नला फॉर्म ८९३६ (ही सवलत मागण्याचा फॉर्म) जोडा. विक्रीचा अहवाल डीलरने आयआरएसकडे पाठवून त्याची प्रत ट्रक दिल्यापासून तीन दिवसांत तुम्हाला द्यायची असते. ती मिळाली नसेल तर रिटर्न भरण्याआधी त्याला फोन लावा.