पहिल्याच नोकरीत पगार वाढवून मागितला तर ऑफर काढून घेतात का?

तुम्ही विचारलंय, कॉलेज संपल्यावर आलेल्या पहिल्याच ऑफरवर जास्त पगार मागितला तर ऑफर जाईल का, आणि मागायचाच तर किती. नीट शब्दांत मागितलं तर सहसा जात नाही. मागा. मी मागितला नव्हता, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

एचआरच्या बाईंनी फोनवर विचारलं, "अपेक्षा किती आहे?" मी म्हणाले, "कंपनीच्या नियमात बसेल ते." बाबा शेजारच्या खोलीतून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बरोबर बोललीस. मुलीने पहिल्याच नोकरीत पैशाची भाषा करू नये, आधी काम शिकावं." तेव्हा मलाही ते पटलं होतं.

सात महिन्यांनी शेजारी बसणारा मित्र कर्जाचा अर्ज भरत होता. माझ्याच वर्गातला, गुण माझ्याहून दोन टक्क्यांनी कमी, रुजूही एकाच दिवशी झालो होतो. त्याची पगाराची स्लिप टेबलावर होती. माझ्यापेक्षा 12 टक्के जास्त. मी सरळ विचारलं, त्यानेही लपवलं नाही. "मेल टाकला होता, आकडा थोडा वाढवता येईल का म्हणून. दुसऱ्या दिवशी नवीन लेटर आलं." त्याचा मला राग आला नाही, आजही तो जवळचा मित्र आहे. पण त्या रात्री मी बाबांशी भांडले.

बाबांचं म्हणणं, चांगलं काम कर, वाढ मिळेलच. मिळाली की. दोघांनाही, सारख्याच टक्क्यांनी, आणि गोम तिथेच आहे. 100 आणि 110 वर दरवर्षी 8 टक्के वाढ धरा. दहा वाढींनंतर सुमारे 216 आणि 237 होतात, म्हणजे 10 चा फरक 21 च्या पुढे जातो. पुढे मी नोकरी बदलली तेव्हा नव्या कंपनीने आधीचा पगार विचारून त्यावरच टक्के लावले. त्या एका फोनचं नुकसान तिथेही माझ्या मागे आलं.

लिंडा बॅबकॉक या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी कार्नेगी मेलन विद्यापीठातून मास्टर्स होऊन बाहेर पडलेल्यांची पाहणी केली होती. पहिल्या ऑफरवर जास्त मागणारे मुलगे 57 टक्के, मुली 7 टक्के. मुलग्यांचा सुरुवातीचा पगार सरासरी 7.6 टक्क्यांनी जास्त निघाला. हे बाबांना वाचून दाखवलं. ते गप्प बसले, पण पटलं म्हणाले नाहीत.

किती मागायचा? त्याच कामाला त्याच शहरात काय मिळतं ते गेल्या दोन बॅचच्या सिनियरांना विचारा, आकडा त्यातूनच निघेल. ऑफर लेखी आल्यावर आणि सही करण्याआधी मागा. घरखर्च, शिक्षणाचं कर्ज ही कारणं सांगू नका. त्यांना तुमच्या कामाची किंमत ठरवायची असते, गरजेची नाही.

धाकट्या बहिणीला ऑफर आली तेव्हा मी शेजारी बसून तिच्याकडून मेल लिहून घेतला. उत्तर आलं, पगार वाढणार नाही, पण सहा महिन्यांनी आढावा घेऊ. तिने ते वाक्य ऑफर लेटरमध्ये घालून घेतलं. बाबा लगेच म्हणाले, "बघ, नाहीच वाढला." पण ऑफर गेली नाही ना? एवढंच तर मी त्यांना इतकी वर्षं सांगतेय.

हो, एक राहिलं. कॅम्पसमधून अख्ख्या बॅचला एकाच पगारावर घेत असतील तर आकडा हलणं कठीण. तिथे रुजू व्हायची तारीख, टीम, बॉण्डची मुदत यावर बोला. दुसरी ऑफर नसताना आहे म्हणू नका, लेटर दाखवा म्हणाले तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि घरी पैशाची खरंच निकड असेल तर एकदाच विचारा. नाही म्हणाले तर सही करा.