पोरगं खरंच आळशी आहे का?

"पोऱ्या पार आळशी व्हई गया, मॅडम." रावेरकडचे एक वडील मुलाला घेऊन जळगावला माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा बी.एस्सी. झालेला. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घरात पडून आणि दिवस जातो रील्स बघण्यात. ही तक्रार माझ्याकडे सतत येते.

मुलाशी वेगळं बोलले. झोप, भूक ठीक होती. कळण्याची भाकरी आणि भरीत समोर आलं की खूश, मित्रांतही रमतो. हे मी आधी विचारते. आवडत्या गोष्टींतलीही गोडी गेली असती, तर नैराश्याची शंका धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. मग बोलता बोलता तो म्हणाला, "केळीची गाडी भरायला पहाटे चारला उठतो मी." घड खांद्यावर वाहायचे, संध्याकाळी मजुरी रोख हातात. आळशी माणसाचं हे काम नव्हे.

मग पुस्तकापाशीच का अडतं? मेंदूतल्या डोपामाइनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात, ते अपुरं आहे. मिळणाऱ्या फळासाठी किती कष्ट घ्यायचे, या हिशोबात त्याचा मोठा वाटा असतो. अमेरिकेतले संशोधक जॉन सॅलमोन आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. एका वाटेवर जास्त खाणं, पण मध्ये उंच अडथळा. दुसरीकडे थोडंच, पण विनाकष्ट. मेंदूच्या एका भागातलं डोपामाइन घटवलेले उंदीर सोप्या वाटेने जाऊ लागले. खाण्याची आवड मात्र शाबूत होती. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं: सोप्या वाटेवर खाणंच ठेवलं नाही, तेव्हा तेच उंदीर अडथळा चढले.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि या मुलाचं डोपामाइन कमी होतं असंही मी म्हणत नाही. पण जाहिरात कधी निघेल याचा पत्ता नाही अशा परीक्षेच्या पुस्तकाशेजारी मोबाइल ठेवला, तर मन कुठे वळणार?

म्हणून सकाळी फोन आईच्या कपाटात. अभ्यास वीसच मिनिटं, त्यावरचे प्रश्न लगेच सोडवून तिथल्या तिथे तपासायचे, म्हणजे केलेल्या कष्टाचं काहीतरी त्याच दिवशी हाती लागतं. वडिलांना एवढंच सांगितलं, 'आळशी' म्हणणं बंद. तेच त्यांना सगळ्यात जड गेलं.

आता सकाळचे दोन तास तो तालुक्याच्या वाचनालयात बसतो. संध्याकाळी मोबाइलवरून भांडणं होतातच. त्यासाठी बापलेक पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत.