दिराच्या कर्जाला जामीन राहू का?

इचलकरंजीच्या एका ताईंचं पत्र आहे. यंत्रमाग बंद पडल्यावर झालेलं कर्ज त्यांनी चार वर्षांत फेडलं, गहाण दागिने सोडवले. आता 1,80,000 रुपये ठेवीत आहेत. धाकट्या दिरावर मात्र 2 लाखांचं देणं आहे: सावकाराचे 40,000 शेकडा पाचने, बाकी मायक्रोफायनान्सची, म्हणजे गटातून घेतलेली छोटी, तीन कर्जं. पतसंस्था 14 टक्क्यांनी 2 लाख द्यायला तयार आहे, जामीन ताईंनी राहायचं. राहू का, असं त्या विचारतात.

ताई, जामीन राहू नका. पण दिरांना रिकाम्या हाताने परतवूही नका.

पतसंस्थेचा हिशेब वाईट नाही. तीन वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण 6,800 रुपये बसेल. आज दीर 16,000 च्या कमाईतून महिन्याला 9,000 हप्ते आणि 2,000 सावकाराचं व्याज भरतात. घोडं अडतं ते जामिनापाशी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी दिरांकडून वसुली होईल, मग तुमच्याकडे येतील, या भरवशावर राहू नका. त्यांचं काम सुटलं तर अंगावर येणारी रक्कम तुमच्या सगळ्या ठेवीपेक्षा मोठी असू शकते.

त्यापेक्षा सावकाराचे 40,000 तुम्ही फेडा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के, आणि महिना 2,000 भरूनही मुद्दल जागचं हलत नाही. हेच 40,000 तुमच्या ठेवीत 7 टक्क्यांनी महिन्याला जेमतेम 230 रुपये कमावतात. तुमचा महिन्याचा घरखर्च 18,000 आहे, म्हणजे सहा महिन्यांचे 1,08,000 ठेवून द्या, त्याला कोणासाठीही हात लावायचा नाही. उरतात 32,000. ते लेकीच्या फीचे.

पैसे दिरांच्या हाती देऊ नका. दोघांनी मिळून सावकाराकडे जा, पूर्ण फेडीची पावती घ्या, सही केलेले कोरे चेक आणि स्टॅम्प पेपर तिथेच परत मागा. त्याच्याकडे परवाना आहे का, तेही विचारा. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. त्याने अडवणूक केली तर तालुक्याच्या सहकारी संस्था निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. हे 40,000 परत आले तर आनंदच, पण नाही आले तरी तुमचं घर हलणार नाही, एवढीच रक्कम मी मुद्दाम धरली आहे.

तीनपैकी दोन कर्जं दहा महिन्यांत फिटतात, असं तुम्ही लिहिलंय. तोवर नवा गट, नवं कर्ज बंद. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मायक्रोफायनान्स कर्ज देताना कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. दिरांचे 9,000 आत्ताच निम्म्याच्या वर आहेत. कोणी घरी येऊन कर्ज देऊ केलं, तरी त्यांनी नाही म्हणावं.

तुमच्याकडे ठेवीहून मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे चार वर्षांची खर्चाची वही. दर रविवारी जाऊबाईंना घेऊन बसा. कोणत्या महिन्यात तुम्ही काय टाळलं, कुठे ओढाताण झाली, ती पानं त्यांना दाखवा आणि त्यांची वही त्यांच्याच हाताने लिहू द्या. वाचलेल्या 2,000 पैकी 500 त्यांच्या नावाच्या आवर्ती ठेवीत जाऊ देत, बाकी 1,500 किराण्याला लागतील. पहिल्या रविवारी दिरांनाही बोलवा, आणि जामीन का नाही, हे तेव्हाच त्यांच्यासमोर आकड्यांनिशी सांगा.