पिल्लू घरात शू करतं म्हणून नाक घासायचं? अजिबात नाही

नाक घासू नका. पेपरची गुंडाळी करून मारू नका, आणि शी पडलेली दिसली की त्याला ओढत तिथे नेऊन ओरडूही नका. तुम्ही लिहिलंय की लॅबचं, म्हणजे लॅब्राडोरचं, पिल्लू आहे, तीन महिन्यांचं, फ्लॅटमध्ये राहता, खाली नेलं की काहीच करत नाही आणि वर आल्या आल्या हॉलमध्ये शू करतं, आणि घरी येणारा ट्रेनर म्हणतो एकदा नाक घासून फटका द्या, आठवड्यात सरळ होईल. सरळबिरळ काही होत नाही, लपून करायला शिकतं. मी हे कुठे वाचून सांगत नाहीये, त्या पद्धतीने 'शिकवलेला' कुत्रा माझ्या घरात आहे.

टायगर आमच्याकडे आला तेव्हा पाच महिन्यांचा असेल. मूळचा माझ्या मोठ्या दिरांचा. साताऱ्याला त्यांचा बंगला आहे, तिथे त्यांनी मोठ्या हौसेने लॅब आणला आणि भाऊजींची पद्धत डिट्टो तुमच्या ट्रेनरची. घरात शू दिसली की मानगूट धरून नाक घासायचं आणि वर पाठीत एक ठेवून द्यायची. काही महिन्यांनी त्यांनी जाहीर केलं की हा कुत्रा घाणेरडा आहे, याच्या डोक्यात काही शिरत नाही, आणि गाडीत घालून डोंबिवलीला आमच्याकडे आणून सोडला, ठेवायचा तर ठेवा नाहीतर कुणाला तरी देऊन टाका म्हणाले.

सुरुवातीला मला वाटलं हा घरात करतच नाही. हॉल कोरडा, किचन कोरडं, गॅलरी कोरडी. मग वास यायला लागला. वॉशिंग मशीनच्या मागे, दिवाणाखाली, सोफा आणि भिंतीच्या मधल्या फटीत. खाली नेलं की तासभर चालायचा, दिसेल तो खांब हुंगायचा, शू लागलीय हे चालण्यावरून कळायचं, पण थांबल्यासारखा करून माझ्याकडे बघायचा आणि परत चालायला लागायचा. वर आलो, मी चपला काढून हातपाय धुवायला गेले की तेवढ्यात दिवाणाखाली जाऊन मोकळा. म्हणजे डोक्यात काही शिरत नव्हतं असं नाही, चांगलं पक्कं शिरलं होतं, की माणसाच्या समोर शू केली की मार बसतो. आता माणूस घरातही असतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकालाही असतो, मग त्याने बिचाऱ्याने करायची कुठे?

तुमच्या पिल्लाला एक-दोनदा जरी प्रसाद मिळाला असेल तरी खाली न करण्याचं कारण हे असू शकतं. मिळाला नसेल तर कारण साधं आहे, खाली गाड्या, पोरं, भटकी कुत्री, त्याचं लक्ष लागत नाही आणि तुम्ही पाच मिनिटांत कंटाळून वर आणता.

आता हे सुटलं कसं ते सांगते, कारण याचं श्रेय माझं नाही. माझ्या सासूबाईंना कुत्रा नको होता, देवघराच्या खोलीत त्याने पाऊल टाकायचं नाही ही त्यांची अट आजही आहे. पण मारण्याच्या त्या पहिल्या दिवसापासून विरोधात होत्या. "मुक्या जनावराला मारून काय कळणार, त्याला वेळ लावा," एवढंच म्हणायच्या. त्या रोज सकाळी उजाडलं की परडी घेऊन खाली कंपाउंडमध्ये पूजेची फुलं काढायला जातात. एकदा मला ताप होता म्हणून टायगरला त्याच सोबत घेऊन गेल्या. हाताला हिसका बसू नये म्हणून पट्ट्याला धुणं वाळत घालायची जुनी नायलॉनची दोरी बांधली, दोरीचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि त्याच्याकडे पाठ करून तगरीची फुलं काढत बसल्या. कुणी बघत नाहीये म्हटल्यावर तो दोरी संपेपर्यंत लांब गेला, भिंतीच्या कोपऱ्यातल्या मातीत दोन-तीन गोल चकरा मारल्या आणि बराच वेळ शू केली. आईंनी मान वळवली नाही. फुलं काढता काढताच "शहाणा माझा तो" म्हणाल्या. वर आल्यावर मला म्हणाल्या, "तू त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहतेस. तुझ्याकडे कुणी असं बघत उभं राहिलं तर तुला तरी होईल का?"

मग मी तेच धरलं. लांब दोरी, तोच कोपरा, त्याच वेळा, आणि माझी पाठ. खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. त्याचं पूर्ण झालं की लगेच, म्हणजे एक-दोन सेकंदांत, एक तुकडा त्याच्या पुढ्यात टाकायचा, अंगावर धावून जाऊन कौतुक नाही की काही नाही. मधेच दिला तर तो अर्धवट सोडून खायला येतो आणि उरलेली शू घरात करतो. वर येऊन दिला तर त्याला वाटतं जिना चढल्याबद्दल मिळाला. हे टायमिंग लोक पाळत नाहीत आणि मग म्हणतात खाऊ देऊन काही उपयोग नाही. हळूहळू दोरी आखडत आणली, पाठ करायची सोडून बाजूला तोंड करून उभी राहायला लागले, काही आठवड्यांनी तो माझ्यासमोर बिनधास्त करायला लागला आणि दिवाणाखालचं आपोआप बंद झालं.

त्या दिवाळीला भाऊजी आले. दारात त्यांना बघितल्याबरोबर टायगर फरशीला चिकटला, कान मागे, शेपूट पोटाखाली, आणि उंबऱ्याशीच त्याची थोडी शू सुटली. भाऊजी लगेच, "बघ, अजून घरातच मुततोय. आणि कळतंय त्याला, मान कशी खाली घातलीय बघ, चोराच्या मनात चांदणं." सगळ्यांसमोर म्हणाले. ती घाबरून सुटलेली शू होती. लहान किंवा मार खाल्लेली कुत्री समोरच्याला 'मला मारू नको' म्हणून अशी अंग चोरून थेंब थेंब सोडतात, त्याचा घरात-बाहेर शिकण्याशी काही संबंध नाही, आणि त्यावर ओरडलं की ती वाढते. अशा वेळी बघायचंच नाही त्याच्याकडे, पाहुण्यांनीही वाकून डोक्यावर हात ठेवायला जायचं नाही, तो स्वतःहून हुंगायला येईपर्यंत दुर्लक्ष करायचं.

आणि ती खाली घातलेली मान. प्रत्येक जण हेच सांगतो, त्याला कळतं म्हणूनच तर तो तोंड लपवतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाई न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात कुत्र्यांवर काम करतात, त्यांनी याचाच प्रयोग केला, २००९ साली तो छापून आला. १४ कुत्री. मालकाने कुत्र्याला सांगायचं हा खाऊ खायचा नाही आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला सांगितलं जायचं की खाल्ला किंवा नाही खाल्ला, आणि ते कधी खरं असायचं कधी खोटं. तर तो अपराधी चेहरा खाऊ खाल्लाय की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. उलट ज्यांनी खाल्लाच नव्हता आणि तरी बोलणी बसली त्यांचा चेहरा जास्त पडला. म्हणजे तुम्ही ऑफिसातून येऊन दुपारची शू दाखवून ओरडता तेव्हा पिल्लाला शू आठवत नसते, समोरचा माणूस चिडलाय एवढंच दिसत असतं.

भाऊजींचा दुसरा मुद्दा, तुमचा ट्रेनरही म्हणत असणार, की कुत्र्याला बॉस कोण ते दाखवावं लागतं, लांडग्यांच्या कळपात असंच असतं. हे कळपाचं प्रकरण रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने १९४७ मध्ये मांडलं ते पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांना बघून. नंतर डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने 'अल्फा', म्हणजे कळपाचा बॉस, हा शब्द लोकांपर्यंत पोचवला आणि त्यानेच कॅनडाच्या एल्समिअर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून कुणी बॉस होत नाही. ज्याने सांगितलं त्यानेच दुरुस्त केलं, आपले ट्रेनर मात्र अजून तिथेच. मी हे सांगितल्यावर भाऊजी म्हणाले पुस्तकातलं मला सांगू नकोस, तो वयाने सुधारला, सगळीच सुधारतात.

वयाने शू धरून ठेवायची ताकद येते हे मान्य. पण टायगर तर तेव्हाही धरून ठेवत होता की, तासभर धरून चालायचा खाली! त्याची अडचण ताकदीची नव्हतीच. वयाने तो अजून जास्त धरायला शिकला असता आणि अजून चांगले कोपरे शोधले असते. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं, आता इथे लिहून ठेवते.

तुमच्या पिल्लाचं बोलायचं तर तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीन-चार तास धरतं, तेही ताणून. त्यामुळे दर दीड-दोन तासांनी न्या, शिवाय झोपून उठल्यावर लगेच, खेळून झाल्यावर लगेच, आणि खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलतात. खाणं ठरलेल्या वेळी तीनदा द्या, वाटी दिवसभर भरून ठेवली तर शीची वेळ कधीच ठरत नाही. एकाच कोपऱ्यात न्या. लक्ष ठेवता येत नसेल तेव्हा पूर्ण घर मोकळं देऊ नका, तुमच्या खुर्चीजवळ पट्ट्याने बांधा किंवा एका खोलीत ठेवा. करताना सापडलं तर न ओरडता उचला आणि बाहेर न्या, उरलेलं तिथे केलं तरी शाबासकी द्या. नंतर सापडलं तर गप्प पुसून टाका.

पुसायचं कशाने हेही महत्त्वाचं. फिनेलने आपल्याला वास येत नाही, त्याला येतो, आणि पिल्लू पाय चाटतं तेव्हा फिनेल पोटात जातं. अमोनियावालं क्लीनर तर नकोच, मुळात मुतासारखाच वास तो. पेट शॉपमध्ये एन्झाइम क्लीनर मिळतं ते आणा, नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. मात्र शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशी असेल तर व्हिनेगर नको, डाग पडतात.

पेपरवर करायला शिकवू नका असं माझं मत, मग जमिनीवर पडलेला प्रत्येक पेपर त्याचा होतो. वरच्या मजल्यावर असाल तर गॅलरीत माती किंवा लॉनचा तुकडा घालून ट्रे ठेवा, खालच्या मातीवरही मग तो सहज करतो.

पिल्लू कुठून आणलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन आठवड्यांपर्यंत आईच चाटून साफ करते, मग पिल्लं आपणहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला लागतात. जे दुकानाच्या पिंजऱ्यात वाढलं त्याला लांब जायला जागाच नसते, ते झोपतं तिथेच करतं, मग त्याला वेळ जास्त लागतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरी सर्रास विकतात. भाऊजींनी टायगर किती लहान असताना आणला ते मी विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही.

किती दिवस लागतील याचं उत्तर ट्रेनरने आठवडा दिलंय, तेवढ्यात कुठलंच पिल्लू पक्कं होत नाही. सहा महिन्यांचं होईपर्यंत अधूनमधून होणारच असं धरून चाला.

एक राहिलं, ते आधीच लिहायला हवं होतं. तुमच्या पिल्लाचे लसीचे डोस पूर्ण झालेत का? टायगर मोठा होता, त्याचे झाले होते. पार्व्हो, डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात, तोपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडू नका, कडेवर घेऊन खाली जा किंवा गॅलरीतला ट्रेच वापरा. आणि सारखी थोडी थोडी शू, करताना कुंथणं, किंवा शूमध्ये रक्त दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या, इन्फेक्शन असू शकतं. रात्री शू होते म्हणून काही जण संध्याकाळनंतर पाणीच बंद करतात, तसं उन्हाळ्यात तर अजिबात करू नका. शेवटचं जेवण साडेसात-आठपर्यंत आटपा, झोपायच्या आधी एकदा खाली न्या आणि सध्या रात्री मधे एकदा गजर लावून उठा.