पालेर्मो उताराने पाहा

चि. विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

इटलीत, सिसिली बेटावरच्या पालेर्मोच्या विद्यापीठात नगररचनेच्या एका सत्रासाठी प्रवेश मिळाल्याचं वाचून फार बरं वाटलं. सोबत पाठवलेली ‘पाहायच्या ठिकाणां’ची यादीही पाहिली. यादीत चूक काही नाही, पण ती तीन दिवसांसाठी येणाऱ्या माणसाची यादी आहे. नॉर्मन राजवाडा आणि कॅथेड्रल कुठे पळून जात नाहीत. तुझ्या हातात अख्खं सत्र आहे, तेव्हा आधी वस्त्या पाहा.

सुरुवात कास्सारोपासून कर. नकाशावर याच रस्त्याचं नाव ‘व्हिया व्हित्तोरियो इमानुएले’ असं दिसेल. राजवाड्यापासून तो सरळ समुद्रापर्यंत उतरतो. समुद्राकडे तोंड करून चालायला लाग आणि मधेच उजवीकडच्या किंवा डावीकडच्या एखाद्या बोळात शिर. दोन्हीकडे तू खालीच उतरशील. कारण जुनं शहर दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर वसलं होतं. उजवीकडे केमोनिया, डावीकडे पापिरेतो. केमोनियाला लोक ‘खराब हवामानाची नदी’ म्हणत, कारण एरवी सुकी आणि पाऊस आला की घरांत शिरणारी. सोळाव्या शतकात दोन्ही नद्या बुजवल्या, वळवल्या. त्या नकाशावरून गेल्या, पण उतार कुठे जाणार? या शहराच्या वस्त्या मला त्या उतारावरूनच कळल्या. पाठ्यपुस्तकातले कालखंड नंतर जोडता आले.

कास्सारो आणि व्हिया माक्वेदा एकमेकांना छेदतात तो चौक म्हणजे क्वात्रो कान्ती. व्हिया माक्वेदा १६०० च्या सुमाराला स्पॅनिश व्हाइसरॉयने जुन्या वस्त्या कापून काढला आणि शहराचे सरळ चार तुकडे झाले. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर खाली ऋतू, मध्ये स्पेनचे राजे आणि सगळ्यात वर त्या-त्या भागाची रक्षक संत आहे. तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. तू मान वर करून फक्त संत पाहा : आगाथा काल्साची, क्रिस्तिना आल्बेर्गेरियाची, निन्फा कापोची, ओलिव्हा लोज्जाची. समुद्राकडे तोंड केलंस तर पाठीमागे उजवीकडे आल्बेर्गेरिया, पुढे उजवीकडे काल्सा, पाठीमागे डावीकडे कापो आणि पुढे डावीकडे लोज्जा. एवढं पक्कं झालं की फोन खिशात ठेवलास तरी चालेल.

आल्बेर्गेरियात सकाळी जा, बाल्लारोचा बाजार भरलेला असताना. विक्रेत्यांच्या सुरातल्या आरोळ्यांना तिथे ‘आब्बान्नियाता’ म्हणतात. भाषा येत नसली तरी कोण मासे विकतोय आणि कोण वांगी, ते चालीवरून ओळखू येतं. तिथे ‘पानेल्ले’ खा. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून थापायचं, काप करायचे, तळायचे आणि पावात घालायचे. आपली पाटवडी तळून पावात घातली तर जे होईल तेच. शाकाहारी असशील तर यावर सत्र निभेल, पण बाकीच्या गाड्यांवर विचारून घे. ‘पानी का मेउसा’ म्हणजे वासराची प्लीहा आणि फुप्फुस, ‘स्तिग्योला’ म्हणजे कोकराची आतडी, आणि साध्या पिझ्झासारख्या दिसणाऱ्या ‘स्फिन्चोने’तही बहुधा खारवलेली मासळी असते.

या भागात बांगलादेशी आणि आफ्रिकी दुकानं भरपूर आहेत. त्यांना ‘परदेशी रंगत’ समजून पुढे जाऊ नकोस. माफियाला द्यायच्या हप्त्याला तिथे ‘पिझ्झो’ म्हणतात. २०१६ साली व्हिया माक्वेदावरच्या दुकानदारांनी हप्ता मागणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. त्यांतले बहुतेक बांगलादेशी होते. जे धाडस पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेकांना झालं नव्हतं, ते या नव्या लोकांनी केलं. तिथे चहा पिताना हे माहीत असलेलं बरं.

काल्सा संध्याकाळी पाहा, आणि तिथे वेळ काढ. तुझ्या विद्यापीठाचं मुख्यालय इथेच, पियात्सा मरीना (‘पियात्सा’ म्हणजे चौक) याच्याजवळच्या ‘स्तेरी’ या वाड्यात आहे. त्या वाड्यात एकेकाळी इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडाचे आरोप चालवणाऱ्या धर्मन्यायालयाचा, तुरुंग होता आणि कैद्यांनी भिंतींवर काढलेली चित्रं अजून आहेत. समोरच्या बागेत वडाच्या कुळातला एक अवाढव्य वृक्ष पारंब्या सोडून उभा आहे. घरची आठवण आली की तिथे बस. हा सगळा सखल भाग पूर्वी पाण्याचा, दलदलीचा होता.

तिथून आत पियात्सा माजोने गाठ. एवढ्या दाट वस्तीत इतकं मोठं मोकळं मैदान कसं, हा प्रश्न नगररचनेच्या विद्यार्थ्याला पडलाच पाहिजे. ते कुणी आखलेलं नाही. १९४३ साली दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत इथली घरं पडली, उरलेली नंतर पाडली गेली. याच परिसरात जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लीनो हे दोघे वाढले. पुढे न्यायाधीश होऊन माफियाविरुद्ध उभे राहिले आणि १९९२ च्या मे आणि जुलैमध्ये स्फोटांत मारले गेले. शेजारीच ‘स्पासिमो’ हे छप्पर नसलेलं चर्च आहे. त्याच्यासाठी राफाएलने काढलेलं चित्र आज माद्रिदमध्ये आहे. उन्हाळ्यात तिथे उघड्या आभाळाखाली संगीताचे कार्यक्रम होतात, तिकीट जमलं तर सोडू नकोस.

लोज्जाबद्दल फार लिहीत नाही. तिथल्या वुच्चिरीया बाजाराचं चित्रकार गुत्तूझोने १९७४ साली काढलेलं मोठं चित्र प्रसिद्ध आहे, पण चित्रातला बाजार आता चित्रातच उरलाय. रात्री तिथे पिणाऱ्यांची गर्दी असते. दिवसा एकदा जा, व्हिया रोमावरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या मोज आणि आपण पापिरेतोच्या मुखाकडे चाललोय हे लक्षात ठेव. माझ्या मते कापोचा बाजार अजून खरा आहे. पोर्ता कारीनी या जुन्या वेशीतून आत जा. बाजाराच्या गजबजाटातच ‘इम्माकोलाता’चं चर्च आहे, बाहेरून अगदी साधं. आत शिरल्यावर रंगीत संगमरवराच्या जडावाने डोळे थकतात. मला ते थोडं अतीच वाटतं, तुला कदाचित आवडेल.

एक दिवस जमिनीखालीही जा. अरबी परंपरेतले ‘कनात’ म्हणजे भूमिगत कालवे शहराबाहेरच्या बाजूला आहेत, मार्गदर्शकासोबत आत उतरता येतं. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी याच तंत्राची. ती तू पाहिली नसशील तर जाण्याआधी पाहून घे, तिथे काय बघायचं ते कळेल.

आता जुन्या शहराबाहेर. व्हिया लिबेर्ताकडची नवी वस्ती श्रीमंत बंगल्यांची होती. १९५० आणि ६० च्या दशकांत बिल्डर, राजकारणी आणि माफिया यांनी मिळून ती संपवली. वास्तुकार एर्नेस्तो बाझीलेने बांधलेली व्हिल्ला देलिएल्ला १९५९ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत पाडायला घेतली. पियात्सा क्रोचीजवळच्या त्या जागेवर पुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला हे नवं नाही, पण जाऊन ये. शहर बॉम्बने पडतं तसं परवानगीनेही पडतं, आणि दोन्ही खुणा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

रविवारी सकाळी मोंते पेल्लेग्रीनो चढ. वर सांता रोझालियाची गुहा आहे. १६२४ च्या प्लेगात तिच्या अस्थी सापडल्या असं मानतात आणि तेव्हापासून चौकातल्या चौघी संतांना मागे सारून ती सगळ्या शहराची झाली. तिथे श्रीलंकेचे तमिळ लोक भेटतील, त्यांच्यात हिंदूही असतात. नवस बोलायला येतात.

सत्र जूनमध्ये संपेल, तरी परतीचं तिकीट १५ जुलैनंतरचं काढ. १४ जुलैच्या रात्री रोझालियाचा रथ कॅथेड्रलपासून कास्सारोवरून समुद्राकडे निघतो. क्वात्रो कान्तीला थांबतो, महापौर वर चढून तिचा जयजयकार करतो. जागा लवकर धर, नऊनंतर पाय ठेवायला मिळत नाही. खोली शोधताना चारपैकी कोणत्या भागात मिळतेय ते मला कळव, पत्ता नंतर पाठवलास तरी चालेल.

तुझे,
सर