बासष्ट सुरुवाती, शेवट एकही नाही

प्रश्न : आमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. वर्षभरापासून घरच्या कॉम्प्युटरवर म्युझिक प्रॉडक्शन करतो. आधी छंद वाटला, आता यातच करिअर करायचं म्हणतो. नवा लॅपटॉप, माइक, स्टुडिओ स्पीकर, मिडी कीबोर्ड अशी यादी त्याने आमच्या हातात ठेवली आहे. घरचा कॉम्प्युटर सहा वर्षांचा, ८ जीबी रॅमचा आहे. सॉफ्टवेअर मित्राकडून 'क्रॅक' (विनापरवाना) आणलेलं आहे. त्याच्या फोल्डरमध्ये बासष्ट गाणी आहेत, पण एकही त्याने आम्हाला पूर्ण ऐकवलेलं नाही. त्याचे बाबा म्हणतात, हे सगळं बंद करा. यात खरंच भविष्य आहे का? आणि यादीतलं काय घ्यावं? – एक आई

ताई, नमस्कार.

यादी वाचली, पण माझी नजर अडकली ती बासष्ट या आकड्यावर. बासष्ट फाइली आणि ऐकवण्यासारखी एकही नाही. तुम्हाला हा आळस किंवा धरसोड वाटत असेल. तसं नसावं. या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात करणं फार सोपं असतं. ड्रमचा एक पॅटर्न टाकायचा, खाली बेस, वर एखादा पॅड (मागे लांबत राहणारा सूर), की आठ बारचा (बार म्हणजे बहुधा चार ठोक्यांचं एक आवर्तन) लूप तयार. तो गोल गोल फिरत राहतो आणि दहाव्या मिनिटाला आपल्याला वाटतं, काय भारी झालंय! तिथून पुढे मात्र घोडं पेंड खातं. दुसरा भाग कुठून आणायचा, आवाज कुठे कमी करायचा, संपवायचं कसं, यासाठी कुठलंही बटण नसतं. घरी शिकणारी जवळजवळ सगळी मुलं इथेच अडकतात. त्यामुळे बासष्ट अर्धवट फाइली हे 'बंद करा' म्हणायचं कारण होत नाही. नवा लॅपटॉप घ्यायचंही होत नाही, कारण त्यावर त्रेसष्टावा लूप जरा लवकर उघडेल, एवढाच फरक.

भविष्याबद्दल. मुलांच्या डोक्यात 'प्रोड्युसर' म्हणजे एकच चित्र असतं : आपलं नाव, आपलं गाणं, लाखो श्रोते. तसं पोट भरणारे थोडेच. पण तेच सॉफ्टवेअर, तेच कान वापरून काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. ऑडिओबुक आणि पॉडकास्टचं एडिटिंग, डबिंग, चित्रपट-मालिकांचं साउंड, गेमचे आवाज, कार्यक्रमांचं लाइव्ह साउंड, दुसऱ्यांच्या गाण्यांचं मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा तोल साधणं. यातल्या बहुतेक कामांत प्रसिद्धी नाही आणि पहिली काही वर्षं उत्पन्नही अनियमित असतं. हे त्याच्यापासून लपवू नका.

माझी एक जुनी विद्यार्थिनी ऑडिओबुक एडिट करते. एकदा तिच्या शेजारी तासभर बसलो होतो. वाचणाऱ्याच्या एका वाक्यात खुर्ची करकरली होती. तिने तेवढा तुकडा कापला. करकर गेली, पण तिथे एक भोक पडल्यासारखं झालं. पूर्ण शांतता, आणि नेमकी तीच कानाला टोचत होती. मग तिने रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची तीस सेकंदं काढली, ज्यात कोणी काहीच बोललेलं नव्हतं. ती मुद्दाम घेऊन ठेवलेली असतात. खोलीची स्वतःची एक बारीक गुणगुण असते, पंख्याची, हवेची. त्यातला अर्ध्या सेकंदाचा तुकडा तिने त्या भोकात बसवला, दोन्ही टोकांना छोटे फेड दिले, म्हणजे आवाज हळूच चढवला-उतरवला, आणि वाक्य परत लावलं. काही घडलंच नव्हतं! अर्ध्या सेकंदामागे आठ मिनिटं गेली होती. कंटाळा नाही येत? असं विचारलं, तर हेडफोन न काढताच म्हणाली, "सर, हे बसलं की जे बरं वाटतं ना, त्यासाठीच तर करते."

तुमच्या मुलाला असं 'बरं' वाटतं का, हे बघायला हवं. माझ्या मते प्रतिभेपेक्षा हे आधी बघावं.

घरात वाद निघाला की तो बहुधा गायिका बिली आयलिशचं उदाहरण देत असेल. माझ्यासमोर बसलेलं दर दुसरं मूल देतं. उदाहरण खरं आहे. २०२० मध्ये ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम ठरलेला तिचा अल्बम तिने आणि तिचा भाऊ फिनियस यांनी मुख्यतः घरातल्या झोपायच्या खोलीत, लॉजिक प्रो हे सॉफ्टवेअर वापरून बनवला. पण तो मिक्स केला रॉब किनेल्स्की यांनी आणि मास्टर केला, म्हणजे शेवटचा हात फिरवला, जॉन ग्रीनहॅम यांनी, म्हणजे दोन वेगळ्या, मुरलेल्या माणसांनी. गाणं घडायला खोली पुरली, शेवटी मात्र परके कान लागले. घरात बसून सगळं एकट्यानेच करायचं असतं, असा समज या उदाहरणावरून करून घेऊ नये.

आता पुढचा भाग त्याच्यासाठी. त्यालाच वाचायला द्या.

मित्रा, आधी ते क्रॅक उडव. उपदेश म्हणून सांगत नाही. क्रॅकसोबत काय काय आत शिरतं ते कळत नाही, एखाद्या अपडेटनंतर तुझे प्रोजेक्ट उघडायचे बंद होतात आणि चार पैसे देणाऱ्या माणसासमोर ते सॉफ्टवेअर उघडायची लाज वाटते. शिवाय गरजच नाही. घरात मॅक असता तर गॅरेजबँड फुकटच मिळालं असतं. विंडोजवर रीपर टाक. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, आकाराने लहान आहे आणि जुन्या मशीनवरही बिनतक्रार चालतं. प्रो टूल्सची 'इंट्रो' नावाची मोफत आवृत्ती आहे, तिच्यात ८ ऑडिओ ट्रॅकची मर्यादा आहे, पण आत्ता तुला आठच्या वर लागतातच कुठे? एलएमएमएस पूर्ण मोफत आहे, बीट बनवायला ठीक, गळा रेकॉर्ड करायला मात्र नाही. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह करता येतो पण पुन्हा उघडता येत नाही. हे ठाऊक नसलेली मुलं दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावतात. मला स्वतःला ती मर्यादा आवडते, कारण बसल्या बैठकीला गाणं संपवावंच लागतं. ऑडॅसिटी २००० सालापासून मोफत आहे. मुळात ते एडिटर आहे, पण कापणं, जोडणं, फेड देणं हे हात बसवायला त्याच्याइतकं साधं दुसरं नाही. यांतलं एक निवड आणि निदान सहा महिने बदलू नकोस. अमक्यापेक्षा तमकं कसं चांगलं, यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांची गाणी मी फारशी ऐकलेली नाहीत.

तुझा कॉम्प्युटर. ८ जीबीत काम होतं. आईने लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की गाणं रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज तुला उशिरा येतो आणि त्यावरून तू मशीनला दोष देतोस. एकदा ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन बफरचा आकडा बघ. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने पुढे देत नाही, बादली (तीच बफर) भरली की ओततो. १०२४ सॅम्पलची, म्हणजे आवाजाच्या बारीक मोजमापांची, बादली असेल, तर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशोबाने ती भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. तेवढंच बाहेर येतानाही, म्हणून ते जाणवतं. बादली १२८ ची केलीस की एका दिशेला जेमतेम ३ मिलिसेकंद. मग सगळीकडेच १२८ का ठेवू नये? कारण बादली लहान झाली की प्रोसेसरची धावपळ होते आणि आवाजात तडतड सुरू होते. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान, मिक्स करताना मोठा. विंडोजवर नेहमीच्या ड्रायव्हरऐवजी एएसआयओ हा खास ऑडिओच्या कामाचा ड्रायव्हर निवड, निम्मा त्रास तिथेच संपेल. जड प्लगइनचे (सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्यांचे, इफेक्टचे) ट्रॅक 'फ्रीझ' करून, म्हणजे तयार आवाजात बदलून ठेव.

रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेव आणि सर्वांत मोठ्या आवाजालाही उणे दहा-बारा डेसिबलच्या आसपास थांबू दे. शून्य म्हणजे छत. डोकं आपटलं की आवाज चपटा होतो आणि तो नंतर कुठल्याही प्लगइनने धड सुधारत नाही. मिटर लाल झाला की छान वाटतं, ते वय माझंही होतं.

मिडी कीबोर्डची घाई नको, टाइप करायच्या कीबोर्डवरही सूर वाजवता येतात. त्यात जोर मात्र कळत नाही, तो माउसने द्यावा लागतो. मिडी, म्हणजे वाद्यांनी आणि कॉम्प्युटरने एकमेकांना सूर कळवायची भाषा, १९८३ मध्ये आली, तेव्हापासून प्रत्येक सूर किती जोरात वाजला ते १ ते १२७ मध्ये मोजलं जातं. तुझ्या हायहॅटचे (ड्रममधल्या झांजांचे) सगळे ठोके बहुधा १०० वर असतील. एक ९५ कर, पुढचा ६८, मग ८०, आणि एखादा जागेवरून किंचित मागे सरकव. यंत्र वाजतंय असं वाटणारा ठेका माणसासारखा श्वास घ्यायला लागेल. हे आजच करून बघता येईल, फुकट.

त्या बासष्टांतले तीन लूप निवड. सर्वांत चांगलेच हवेत असं नाही, अजूनही ऐकावेसे वाटतात ते घे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत आठ बार म्हणजे १६ सेकंद. तो लूप अकरा वेळा एकापुढे एक ठेवलास की तीन मिनिटांना चार सेकंद कमी. आता नवं काहीही घालायचं नाही, फक्त खोडायचं. सुरुवातीला ड्रम काढ. दुसऱ्या भागात बेस राहू दे, पॅड काढ. मध्ये एकदा सगळंच काढून एकच सूर ठेव. खोडता खोडता गाण्याला चढउतार येतो, आणि मग जिथे खरंच पोकळ वाटेल तिथेच नवं काही घाल. अडलास तर तुझ्या आवडीचं एखादं गाणं वेगळ्या ट्रॅकवर टाकून त्याचे भाग कुठे बदलतात तिथे मार्कर लाव. सूर उचलायचे नाहीत, फक्त सांगाडा बघायचा. एका गाण्याला एक महिना. तिसाव्या दिवशी जसं असेल तसं एक्स्पोर्ट. दुसऱ्या दिवशी फोनवर, साध्या इअरफोनवर ऐक आणि काय खटकलं ते लिहून ठेव. दुरुस्त करू नकोस, पुढच्या गाण्यात वापर.

आणि सगळं दोन ठिकाणी साठव. माझ्या तीन वर्षांच्या ध्वनिमुद्रणांची एकुलती एक डिस्क एका सकाळी नुसती टकटक वाजली, पुन्हा उघडली नाही.

ताई, आता यादी. आत्ता फक्त एक चांगला बंद कपांचा हेडफोन घ्या. स्पीकर सर्वांत शेवटी. साध्या खोलीत भिंती आणि कोपरे मिळून खालचे स्वर फुगवतात किंवा गिळतात, त्यामुळे महागडे स्पीकरही फसवतात. तीन गाणी पूर्ण झाली आणि तो गात असेल, तर दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि एक डायनॅमिक माइक. दुकानदार कंडेन्सर माइक सुचवेल. तो नाजूक ऐकतो हे खरं, पण पंखा आणि शेजारचं भांडणही तितक्याच प्रेमाने ऐकतो, आणि त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गायलं की बराचसा घुमारा माइकपर्यंत पोचत नाही, त्याला खर्च नाही. लॅपटॉप वर्षभर विसरा. हेडफोनवर आवाज मात्र बेताचा हवा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि वर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या धंद्यात कान गेले की सगळंच गेलं.

कोर्सची जाहिरात तुमच्यापर्यंत पोचली असेलच. पैसे भरण्याआधी एकच विचारा : एका विद्यार्थ्याला आठवड्याला स्वतःच्या हाताने काम करायला किती तास मिळतात? उत्तर गोलमोल आलं तर परत या. नेहमीचं शिक्षण सोडायची गरज नाही. भौतिकशास्त्र किंवा प्रोग्रामिंग आवडत असेल तर उलट उत्तमच. प्लगइन लिहिणाऱ्यांना सी प्लस प्लस येणं लागतं. गेमच्या आवाजासाठी एफमॉड आणि वाइज ही साधनं वापरतात, दोन्ही शिकण्यासाठी मोफत मिळतात.

त्याच्या बाबांना एक विनंती. पहिलं गाणं पूर्ण झालं की तीन मिनिटं फोन बाजूला ठेवून ऐका, आणि शेवटी 'यात शब्द कुठे आहेत?' असं विचारू नका.

तीन महिन्यांनी तिन्ही गाणी मला पाठवा, फसलेलं असेल तेही. वेव्ह किंवा एमपीथ्री करून पाठवायला सांगा. प्रोजेक्ट फाइल नको, माझ्याकडे त्याचे प्लगइन नसणार, ती उघडायची नाही.