कॅराफमध्ये एकाच पॅकेजच्या दोन व्हर्जनचं भांडण कसं सोडवायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर अपाची कॅराफवर (जावाची मॉड्यूलं चालवणारा सर्व्हर) चालतं. पावतीचं जुनं मॉड्यूल ग्वावा (गूगलची जावा लायब्ररी) १९ वर, भावाचं (दराचं) नवं मॉड्यूल ग्वावा २७ वर. लॅपटॉपवर सगळं बरोबर, काट्यावरच्या मशीनवर चढवलं की 'यूजेस कन्स्ट्रेंट व्हायोलेशन', म्हणजे एकच पॅकेज दोन वाटांनी येतंय अशी एरर. मग लाइन जाऊन आली आणि ते आपोआप चाललं. आता डायनॅमिक-इम्पोर्टमध्ये स्टार टाकू का (म्हणजे चालता चालता लागेल ते पॅकेज कुठूनही घ्यायची मुभा), असं तुम्ही विचारता.

स्टार टाकू नका भाऊ. त्याने भांडण मिटत नाही, पुढे ढकललं जातं. आज भांडण असलं की बंडल (मॉड्यूलची जार) निदान सुरूच होत नाही. स्टार टाकल्यावर ते सुरू होईल आणि ऐन आवकीत, गाड्या रांगेत असताना, क्लास लोड करताना एरर देऊ शकेल.

ओएसजीआयमध्ये (कॅराफ ज्यावर उभा आहे ती मॉड्यूल पद्धत) दोन ग्वावा एकत्र नांदायला काहीच हरकत नाही. क्लासची ओळख नुसत्या नावावर ठरत नाही, कोणत्या लोडरने (क्लास मेमरीत आणणारा भाग, प्रत्येक बंडलचा वेगळा) तो आणला हेही त्यात येतं. गट नंबर सारखाच, पण गाव वेगळं, तर सातबाराही वेगळा. भानगड होते ती हे दोन्ही एका बंडलमध्ये समोरासमोर आल्यावर. तुमच्या पावतीच्या इंटरफेसमधली एखादी मेथड इम्यूटेबल-लिस्ट (ग्वावाची न बदलणारी यादी) परत देत असणार. म्हणजे भावाच्या बंडलला पावतीकडून १९ ची लिस्ट दिसते आणि स्वतःच्या इम्पोर्टमधून २७ ची. एररमधल्या चेन १ आणि चेन २ या त्याच दोन वाटा. त्या शेवटाकडून वाचा. जिथे एकच पॅकेज दोन बंडलांतून येतंय, तिथेच उत्तर आहे.

मग लाइन गेल्यावर चाललं कसं? पावतीच्या मॅनिफेस्टमध्ये (बंडलची माहिती-फाइल) नुसतं '१९' लिहिलेलं असावं. त्याचा अर्थ 'फक्त १९' नाही, '१९ किंवा पुढचं कुठलंही' असा होतो. रिझॉल्व्हर (कोणतं बंडल कोणाला जोडायचं ते ठरवणारा भाग) आधीच जोडल्या गेलेल्या बंडलला पहिली पसंती देतो, त्यानंतर मोठ्या व्हर्जनला. चालू मशीनवर पावती १९ ला जोडलेलीच होती, म्हणून नवं बंडल अडलं. रीस्टार्टनंतर जोडणी नव्याने झाली आणि पावती २७ कडे गेली. बंडल-रिफ्रेश कमांडनेही हेच घडलं असतं. पण हा उपाय सुरू होण्याच्या क्रमावर अवलंबून आहे, त्यावर विसंबू नका.

खरा इलाज पावतीच्या इंटरफेसमध्ये आहे. तिथली इम्यूटेबल-लिस्ट काढून साधी जावाची लिस्ट ठेवा. 'जावा डॉट' पॅकेजेस नेहमी वरच्या लोडरकडूनच येतात, त्यामुळे त्यांचं हे भांडण होतच नाही. बीएनडीने (बंडल बनवणारं टूल) पुन्हा बिल्ड केलं की एक्सपोर्टवरची यूजेसची नोंद (हे पॅकेज दुसरी कोणती पॅकेजेस वापरतं ती) आपोआप जाते, कारण ती तो बाइटकोड पाहूनच लिहितो. हे केल्यावर दोन्ही ग्वावा खुशाल राहू द्या. रेंज मात्र बंदिस्त करा: पावतीला [१९,२०), म्हणजे १९ चालेल पण २० नाही, आणि भावाला [२७,२८). ग्वावा दर मोठ्या रिलीजला पॅकेजांचाही मुख्य आकडा वाढवतं, म्हणून हा त्रास तिच्याबाबत जास्त.

इंटरफेसला हात लावता येत नसेल, कोड दुसऱ्याचा असेल, तर भावाचं मॉड्यूल १९ वर आणा. ग्वावा आपल्या बंडलमध्ये कोंबायचा मार्गही आहे, पण तो पॅकेज फक्त आत वापरात असेल तेव्हाच. इथे तर ते पावतीच्या इंटरफेसमधल्या मेथडच्या व्याख्येतच आहे. पुढे कधी कोंबलीच, तर २७ पासून तिला फेल्युअरअ‍ॅक्सेस नावाची वेगळी छोटी जार लागते, तीही सोबत घ्या.

जावा ९ ची स्वतःची मॉड्यूल पद्धत (२०१७) इथे कामाची नाही. ती व्हर्जन निवडतच नाही.

तपासणी लॅपटॉपवर करायची तर काट्यावर आहेत तीच सगळी बंडलं घ्या. तुमच्या लॅपटॉपवर ग्वावा १९ बहुधा नसावं, म्हणून तिथे एरर दिसली नसेल. कॅराफच्या पॅकेज-एक्सपोर्ट्स कमांडला वजा-डी लावलं की दोनदा एक्सपोर्ट झालेली पॅकेजेस दिसतात. काट्यावर नेट धड नसेल तर सगळं एका कार फाइलमध्ये (.kar, कॅराफचं एकत्र पॅकेट) बांधून पेनड्राइव्हने न्या आणि डिप्लॉय फोल्डरमध्ये टाका, नाहीतर कॅराफ जार शोधायला मेव्हन सेंट्रलकडे (नेटवरचं जावा जारचं कोठार) धावतो. आणि तिथल्या मशीनवर 'कॅराफ क्लीन' चालवण्याआधी डेटा फोल्डर उघडून बघा. त्या कमांडने तो अख्खा फोल्डर पुसला जातो. पावत्यांचा डेटाबेस त्यातच ठेवलेला असेल तर आधी कॉपी काढा.